भैय्या चौक ते येनान : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

मित्रांनो, आपल्या सोलापूरची ओळख बाहेरगावच्या मुलांना विचारा. चादर, शेंगदाण्याची चटणी, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आणि मे महिन्यातलं ऊन, एवढं सांगून ते थांबतात. आपणही काही फार वेगळे नाही. भैय्या चौकाजवळून आपण रिक्षातून शंभर वेळा जातो. तिथे डॉ. कोटणीस स्मारक आहे हे पाटीमुळे कळतं, पण आत मात्र जात नाही. मी स्वतः थर्ड इयरला असताना पहिल्यांदा आत गेलो, तेही अचानक आलेल्या पावसातून वाचण्यासाठी! अर्ध्या तासाने पाऊस थांबला, पण माझा पाय काही निघेना. कारण भिंतीवरच्या फोटोत एक आपल्यासारखाच पोरगा होता. वय सत्तावीस. डिग्री हातात, पुढच्या परीक्षेची तयारी चालू. आणि सगळं सोडून तो निघाला होता चीनला. जॉबसाठी नाही, तर लढाईत जखमी झालेल्या अनोळखी माणसांवर उपचार करायला.

त्याच माणसाची ही गोष्ट.

गिरणगावातलं घर

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच, खर्चाची ओढाताण नेहमीची. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. पहिली मोठी कापड गिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ साली सुरू झाली होती. भोंग्यावर गाव उठायचं आणि भोंग्यावरच झोपायचं. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा चार भाषा एकाच गल्लीत ऐकायला मिळायच्या. माणसाची भाषा वेगळी म्हणून तो परका, असं या गावात वाढलेल्या मुलाला वाटणं जरा कठीणच. मला वाटतं, पुढे चीनमध्ये हेच त्यांच्या कामी आलं असणार.

द्वारकानाथ वीस वर्षांचे होत होते तेव्हा सोलापुरात मोठा भडका उडाला. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गाव पेटलं. तीन-चार दिवस इंग्रजांचा अंमल जवळपास संपला होता. मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली. चार हुतात्मा पुतळे आपण रोज बघतो, ते याच चौघांचे. ज्या गावाने हे पाहिलं, त्या गावातला हा मुलगा मुंबईला सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकला आणि १९३६ साली एम. बी. बी. एस. झाला. आता पुढचं पोस्ट ग्रॅज्युएशन, मग एखादा दवाखाना, लग्न, घराला हातभार... सगळं कसं सरळ दिसत होतं.

एक अर्ज

७ जुलै १९३७ ला जपानने चीनवर मोठं आक्रमण सुरू केलं. चिनी सैन्यात तेव्हा दोन फळ्या होत्या. एक चँग कै शेक यांच्या कुओमिंतांग पक्षाची, दुसरी माओ त्से तुंग यांच्या कम्युनिस्ट पक्षाची. दोघांनी आधी दहा वर्षं एकमेकांचं रक्त सांडलं होतं, पण जपानविरुद्ध तेवढ्यापुरता हात मिळवला होता. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टर आणि औषधं मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केलं, लोकांनी वर्गणी दिली. बावीस हजार रुपये आणि एक रुग्णवाहिका जमली. जरा विचार करा, स्वतः गुलाम असलेला देश दुसऱ्या देशाला मदत पाठवत होता!

पाच डॉक्टर निवडले गेले : अलाहाबादचे डॉ. अटल (हे प्रमुख), नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. कोटणीसांच्या घरी चीनबद्दल कोणालाच फारशी माहिती नव्हती. चिनी रेशीम विकायला दारावर येणारे फेरीवाले, एवढाच काय तो संबंध. वडिलांनी पाठिंबा दिला. आईच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. आपल्यापैकी जे हॉस्टेलला राहतात त्यांना दोन्ही गोष्टी वेगळ्या समजावून सांगायला नकोत.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईच्या बंदरातून बोट सुटली. ठरलं होतं, वर्षभरात परत यायचं.

चुंगकिंगला आलेली बातमी

हाँगकाँगमार्गे हे पथक चीनमध्ये पोचलं. कॅन्टन, हँकौ, मग मागे हटत हटत चुंगकिंग. जपानी फौजा एकेक शहर घेत होत्या. चुंगकिंग ही कुओमिंतांग सरकारची युद्धकाळातली राजधानी. पथकाला खरं जायचं होतं येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या ठाण्यावर, कारण औषध आणि डॉक्टर दोन्हींची टंचाई तिथे जास्त होती.

येनानला निघण्याच्या सुमारासच कोटणीसांना सोलापूरहून कळलं की वडील गेले.

मित्रांनो, या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड क्षण मला लढाईतला वाटत नाही, हा वाटतो. घरी आई, लहान बहिणी, संसाराची जबाबदारी. परत गेले असते तर कोणीही नाव ठेवलं नसतं. परत जाण्याचं कारण होतं, सोबत्यांची संमतीही मिळाली असती. पण ते गेले नाहीत. आधी दिलेला शब्द पुरा करायचा, असं त्यांनी ठरवलं. हा निर्णय बरोबर की चूक? खरं सांगायचं तर मला अजून ठरवता येत नाही. घरच्यांनी त्याची किंमत मोजली, हे नक्की. थोर माणसांच्या चरित्रात ही बाजू दोन ओळीत उरकतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१२ फेब्रुवारी १९३९ ला पथक येनानला पोचलं. पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा, त्याच घरं, तीच ऑफिसं, तेच दवाखाने. पाचही जणांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येकाने नावाच्या शेवटी हुआ हे अक्षर लावलं. हुआ म्हणजे चीन. सोलापूरचे कोटणीस झाले के दिहुआ.

खेचरावरचं ऑपरेशन थिएटर

तब्येत बिघडल्यामुळे चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले, पुढे अटलही परतले. राहिले बसू आणि कोटणीस. कोटणीस उत्तर चीनमध्ये जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या डोंगराळ मुलखात गेले. तिथे आधी कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन नॉर्मन बेथ्यून काम करत होते. ऑपरेशन करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ ला ते वारले होते.

आपण इंजिनिअरिंगची मुलं, म्हणून एक गोष्ट सांगतोच. बेथ्यून यांनी खेचराच्या पाठीवर बसेल असा लाकडी सांगाडा तयार करून घेतला होता. त्यात औषधं, बँडेज, हत्यारं सगळं बसायचं आणि जिथे थांबाल तिथे ऑपरेशनची सोय उभी राहायची. वर्कशॉपमध्ये सुताराकडून करून घेता येईल इतकी साधी वस्तू, पण त्यामुळे दवाखाना जखमीपर्यंत जायला लागला. डिझाइन डिझाइन म्हणून आपण सेमिनार देतो, ते याहून वेगळं काय असतं?

याच पद्धतीवर कोटणीसांनी काम केलं. १९४० च्या उत्तरार्धात कम्युनिस्ट सैन्याने जपान्यांच्या रेल्वे, पूल, चौक्यांवर एकदम हल्ले केले. शंभर रेजिमेंटांची मोहीम म्हणून ती ओळखली जाते. जखमींची रीघ लागली. एका लढाईत कोटणीस सलग ७२ तास न झोपता ऑपरेशन करत होते आणि ८०० हून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले, असं सांगितलं जातं. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री एक नाईट मारली की आठवडाभर सांगत फिरतो!

भाषेचं काय? ते चिनी शिकले. नुसतं बोलण्यापुरतं नाही, तर विद्यार्थ्यांना चिनीतून लेक्चर देण्याइतकं. सर्जरीचं पाठ्यपुस्तकही त्यांनी चिनीत लिहायला घेतलं. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. नेमका तोच महिना चीनच्या इतिहासात काळा ठरला. कुओमिंतांगच्या फौजांनी कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सेनेवर हल्ला केला आणि दोन पक्षांमधला तात्पुरता सलोखा जवळपास मोडला. कम्युनिस्ट भागाची नाकेबंदी आणखी कडक झाली. समोर जपानी, पाठीमागे नाकेबंदी, आणि मध्ये औषधावाचून जखमी. देश अजून कागदावर दोन झाला नव्हता, पण दवाखान्याच्या कपाटात तो आधीच दोन झाला होता.

संसार, पक्ष आणि शेवट

बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत नर्सिंग शिकवणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशी त्यांची ओळख झाली. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

त्याच वर्षी, जुलै १९४२ मध्ये, कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. यात एक योगायोग आहे. त्याच जुलै महिन्यात इंग्रज सरकारने भारतातल्या कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली, आणि पुढच्याच महिन्यात काँग्रेसचं चले जाव आंदोलन सुरू झालं. म्हणजे ज्या काँग्रेसने त्यांना पाठवलं, तिचे नेते तुरुंगात होते आणि त्यांनी पाठवलेला डॉक्टर लाल झेंड्याखाली होता. कोणी म्हणेल, पक्ष बदलला. मला वाटतं, तो माणूस शेवटपर्यंत एकच काम करत होता, ते म्हणजे जखमा शिवण्याचं. पण पक्षात ते नुसते पाहुणे म्हणून गेले नव्हते, हेही खरं. ज्यांच्यासोबत उपाशी राहिलो, त्यांचा विचार त्यांनी आपला मानला होता.

शरीर मात्र थकलं होतं. अपुरं अन्न, झोप नाही, डोंगरातली थंडी. त्यांना फिट्स येऊ लागल्या होत्या. सहकारी विश्रांती घ्यायला सांगत, ते पुस्तक लिहीत बसत. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातल्या एका खेड्यात लागोपाठ फिट्स येऊन त्यांचं निधन झालं. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. सर्जरीचं पुस्तक अर्धवट. माओ त्से तुंग आणि चू तेह या दोघांनीही त्यांच्यासाठी श्रद्धांजलीचे शब्द लिहिले. सोलापूरची आई मात्र मुलाला पुन्हा पाहू शकली नाही.

त्या पक्षाचं पुढे काय झालं?

चरित्र इथे संपायला हवं. पण कोटणीस ज्या पक्षात गेले त्याची पुढची कथा कळल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते, असं मला वाटलं.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला. माओ आणि चँग कै शेक चुंगकिंगला भेटले, बोलणी झाली, पण वर्षभरातच दोघांत उघड यादवी पेटली. १९४६ साली इकडे व्ही. शांताराम यांचा डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट लोक बघत होते, तेव्हा तिकडे कोटणीसांनी जगवलेले सैनिक आपल्याच देशबांधवांशी लढत होते. १ ऑक्टोबर १९४९ ला माओंनी पेकिंगमध्ये चिनी लोकांच्या प्रजासत्ताकाची घोषणा केली. डिसेंबरमध्ये कुओमिंतांग सरकार तैवान बेटावर गेलं. तेव्हापासून चीनचे दोन भाग झाले ते झालेच.

आता गंमत बघा. मुख्य भूमीवर कम्युनिस्ट पक्षाची सत्ता आली. इतर काही छोटे पक्ष राहिले, त्यात कुओमिंतांगमधून फुटलेला एक गटसुद्धा आहे, पण सगळे कम्युनिस्ट पक्षाचं नेतृत्व मान्य करूनच. तैवानमध्ये नेमकं उलटं. तिथे १९४९ साली मार्शल लॉ लागला, तो तब्बल १९८७ पर्यंत. (सोलापूरचा मार्शल लॉ आठवा आणि मग अडतीस वर्षांचा हिशोब करा.) बेटावरच्या कम्युनिस्टांची गुप्त संघटना १९५० च्या सुमारास मोडून काढण्यात आली. अनेकांना गोळ्या घातल्या, हजारो तुरुंगात गेले, आणि त्यातले कितीतरी कम्युनिस्ट नव्हतेच. मार्शल लॉ उठल्यावरही कम्युनिझमचा पुरस्कार करणारी संघटना काढायला कायद्याने मनाई होती. २००८ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही मनाई घटनाबाह्य ठरवली आणि त्यानंतर तैवानमध्ये कम्युनिस्ट नावाचा पक्ष रीतसर नोंदवता आला. त्याला मतं नगण्य पडतात, ते वेगळं. म्हणजे १९४२ साली कोटणीसांनी घेतलेलं सभासदत्व सामुद्रधुनीच्या एका काठावर मानाचं, तर दुसऱ्या काठावर फाशीचं कारण होतं. कागद तोच, फक्त मध्ये पाणी.

२००५ मध्ये कुओमिंतांगचे अध्यक्ष पेकिंगला गेले आणि दोन्ही पक्षांचे प्रमुख भेटले. मधे साठ वर्षं गेली होती.

सत्तेवर आलेल्या पक्षाचा हिशोबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. निरक्षरता हटली, खेड्यात डॉक्टर पोचले, हे खरं. पण १९५८ नंतरच्या मोठ्या झेपेच्या धोरणातून पडलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली, आणि १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत शिक्षक, डॉक्टर, जुने कार्यकर्ते यांचा छळ झाला, हेही तितकंच खरं. १९६७ साली यिनहुआ वारला. तो मेडिकलचा विद्यार्थी होता आणि पंचविशीही पुरी झाली नव्हती.

१९६२ आणि आपण

भारतातही त्याचे पडसाद उमटले. ऑक्टोबर १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झालं. आपल्याकडच्या कम्युनिस्टांमध्ये आधीपासून मतभेद होतेच, युद्धाने ते टोकाला गेले आणि १९६४ साली पक्ष फुटला. भारतीय कम्युनिस्ट पक्ष एकीकडे आणि मार्क्सवादी पक्ष दुसरीकडे. लाल बावटा हा शब्द सोलापूरच्या गिरणी आणि विडी कामगारांना नवा नव्हता, पण आता एका बावट्याचे दोन झाले. देश विभागलेला नसतानाही पक्ष कसा विभागतो, हे आपण घरबसल्या पाहिलं.

अशा वेळी कोटणीसांची आठवण कोणी काढायची? ज्या सैन्याच्या जखमा त्यांनी शिवल्या, त्याच देशाच्या सैन्याशी आपले जवान हिमालयात लढले होते. सहज विसरता आलं असतं. पण तसं झालं नाही. १९७६ साली दोन्ही देशांनी पुन्हा राजदूत पाठवले आणि त्याच वर्षी चीनमधल्या षिच्याच्वांग शहरात कोटणीसांचं स्मारक उभं राहिलं. तिथल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची आणि बेथ्यून यांची समाधी आहे. चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटायचे, हा रिवाज अनेक वर्षं पाळला गेला. कुओ चिंगलान अनेकदा सासरच्या माणसांना भेटायला भारतात आल्या. २०१२ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी त्या वारल्या. आणि त्याच २०१२ च्या पहिल्या दिवशी सोलापुरातल्या कोटणीसांच्या घराचं स्मारक लोकांसाठी खुलं झालं.

त्यानंतरही सीमेवर सगळं शांत राहिलं असं नाही. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान हुतात्मा झाले. अशा बातमीनंतर कोटणीसांबद्दल लिहायचं म्हटलं की मित्र विचारतात, आत्ता कशाला? मला वाटतं, आत्ताच. कारण कोटणीसांनी चीनच्या सरकारला मदत केली नव्हती, तेव्हा ते सरकारच नव्हतं. त्यांनी समोर रक्ताने माखून आलेल्या माणसाला मदत केली. पुढे त्या माणसाच्या पक्षाने काय केलं याचा जाब त्या पक्षाला विचारावा, जरूर विचारावा. पण म्हणून ती शिवलेली जखम खोटी ठरत नाही.

मित्रांनो, आपल्यातले बहुतेक जण उद्या पुण्याला, बंगळुरूला, काही जण परदेशात जातील. जाण्यात गैर काही नाही, तेही गेलेच होते. फक्त जाताना एक करा. स्टेशनवर जायला अर्धा तास आधी निघा आणि भैय्या चौकात उतरा. त्या घरात जा, फोटोतल्या त्या पोराकडे बघा. आपण कशासाठी चाललो आहोत, हे तो विचारणार नाही. पण तुम्ही स्वतःला विचाराल, एवढं नक्की!